भांड्याची आतली बाजू

मराठीत 'कळकणे' असे एक क्रियापद आहे. पितळी पातेल्यात ताक रात्रभर राहिले की सकाळी ते हिरवट दिसे, जिभेला विचित्र लागे, आणि घरातील वडील बाई म्हणत, "ताक कळकले, ओतून टाका." एवढ्या एका बिघाडासाठी ज्या भाषेने स्वतंत्र शब्द राखून ठेवला, ती बोलणाऱ्यांना त्याची केवढी धास्ती होती हे निराळे सांगावयास नको. आज मला त्या धास्तीचा आणि तिच्यावरील उपायाचा, म्हणजे कल्हईचा, इतिहास सांगावयाचा आहे. मात्र हा इतिहास ताकापाशी संपत नाही. तो दुधापाशी येऊन पोहोचतो.

तांबे आणि पितळ यांनी आपले स्वयंपाकघर शतकानुशतके भरून टाकले होते, आणि ते सकारण होते. हे धातू आच लवकर घेतात, पडले तरी फुटत नाहीत, आणि भांडे जुने झाले तरी मोडीत त्याची किंमत येते. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी वसली. इकडे आमच्या नागपूरच्या पूर्वेस भंडारा हे गाव पितळी भांड्यांसाठी नावाजले. पण या धातूंत एक खोड आहे. चिंच, ताक, लिंबू यांतील आम्लाशी गाठ पडली की तांब्याचा अंश विरघळून अन्नात उतरतो.

त्यावर मनुष्याने तोड काढली ती कथलाची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने लिहून ठेवले आहे की, तांब्याच्या भांड्यास आतून कथील चढविल्याने अन्नाची चव सुधारते आणि कळंकास आळा बसतो. 'कल्हई' हा आपला शब्द अरबीतून आलेला आहे, आणि त्याचा संबंध मलाया द्वीपकल्पातील 'कलह' नावाच्या जुन्या बंदराशी जोडला जातो. कथलाचा व्यापार पूर्वी त्याच बाजूने चाले.

कल्हईवाला दारी आला म्हणजे अंगणात लहानशी भट्टी पेटे आणि भात्याचा आवाज सुरू होई. भांडे घासून तापवावयाचे, त्यात नवसागराची पूड टाकावयाची, कथलाची कांडी टेकवावयाची, आणि कापसाच्या बोळ्याने तो रस सर्वत्र फिरवावयाचा. पांढरा धूर उठे आणि काळवंडलेले पातेले क्षणात रुप्यासारखे उजळे. यामागील शास्त्र सोपे आहे. कथील अवघ्या 232 अंश सेंटिग्रेडला वितळते, तर तांब्यास वितळावयास 1085 अंश लागतात. म्हणून भांडे शाबूत राहून कथील त्यावर पसरते. नवसागर धातूवरील गंज काढून टाकतो, त्यामुळे कथील घट्ट धरून बसते.

परंतु कल्हई कायमची नसते. राख आणि नारळाची शेंडी यांनी ती रोज थोडी झिजते. म्हणून भांडे उजेडात तिरपे धरून आतून पाहावयाचे, कोठे पिवळा वा तांबूस डाग दिसतो काय हे तपासावयाचे, आणि दिसल्यास ते बाजूस काढावयाचे, ही सुगृहिणीची शिस्त होती. 'पितळ उघडे पडले' असे आपण एखाद्या ढोंग्याविषयी म्हणतो. तो वाक्प्रचार याच अनुभवातून निघाला आहे.

या शिस्तीत एक फट मात्र राहिली होती. आंबट पदार्थ कळकला की रंगाने व चवीने ओरडून सांगतो. गोडे दूध तसे सांगत नाही. कल्हई उडालेल्या, किंवा मुळीच कल्हई नसलेल्या, पितळी भांड्यात दूध तापविले व ठेवले, तरी डोळ्यांस किंवा जिभेस काही कळत नाही. तांबे मात्र त्यात उतरते आणि दुधातील केसीन नावाच्या प्रथिनास चिकटून राहते. दूध हे निर्मळ अन्न, त्याच्याविषयी शंका कोण घेणार?

त्याच काळात आपल्या देशातील घरांवर एक दुखणे घाला घालीत होते. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचे मूल किरकिरे होई, पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण होई, पुढे कावीळ होई, आणि बहुधा मूल हाती लागत नसे. एकाच घरातील भावंडे पाठोपाठ जात, म्हणून हा कुळाचा दोष मानला जाई. कलकत्त्याच्या वैद्यकीय जगतात 1887 साली या रोगाची नोंद झाली होती. सुमारे शंभर वर्षे त्याचे मूळ उकलले नाही.

उकल झाली ती महाराष्ट्रात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या मुलांच्या आहाराची चौकशी केली. तिचा निष्कर्ष 1983 साली 'लॅन्सेट' या पत्रात प्रसिद्ध झाला. आजारी मुलांना फार लवकर वरचे दूध सुरू झाले होते, आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेले वा साठविलेले होते. त्यांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात वाढलेले होते. केवळ तांबेच कारण की जोडीला जन्मजात प्रवृत्तीही, याविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले. पण दूरच्या ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातूनही तशीच साक्ष आली. तेथे 1900 ते 1974 या काळात 138 बालके अशाच रोगाने दगावल्याचे 1996 साली प्रसिद्ध झाले. तेथेही गाईचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत तापवीत असत, आणि ती भांडी गेली तसा रोगही गेला.

आपल्याकडेही तेच घडले. न गंजणारे पोलाद 1913 साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने सिद्ध केले. स्वातंत्र्यानंतर त्याची भांडी आपल्या घरोघर आली. ती घेतली गेली चकाकीसाठी आणि कल्हईचा खर्च वाचावा म्हणून. मुलांच्या यकृताचा विचार कोणाच्या मनात नव्हता. तरीही पितळी पातेले माळ्यावर गेले आणि ते दुखणे विरळ होत गेले. न कळत पदरी पडलेले असे पुण्य इतिहासात थोडेच सापडते.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे की, तांब्या-पितळेची भांडी पुन्हा आवडीने घरात येऊ लागली आहेत. त्यांस नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातील अन्न खाण्यास अयोग्य समजावे, असे अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनी 1955 सालीच सांगितले होते. भांडे माळ्यावरून काढाल तेव्हा प्रथम ते उजेडात तिरपे धरून आत पाहा. डाग दिसला तर जाणत्या कारागिराकडून शुद्ध कथलाची कल्हई करवून घ्या. कथलात शिसे मिसळलेले असेल तर औषधच विष होते. आणि तान्ह्या मुलाचे दूध त्यात कधीही तापवू वा ठेवू नका.

आपल्या आज्यांनी ताकाचे सांगणे ऐकले होते. दुधाला सांगता येत नव्हते. त्याचे सांगणे ऐकावयास शंभर वर्षे लागली, आणि त्याची किंमत त्या घरांतील पाळण्यांनी भरली.