काडतूस आणि सातपुड्याचे हरीण

धडगावच्या बाजूच्या एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो असता त्याच्या आजीने गोधडी शिवण्यासाठी सुई काढली, ती एका पितळी नळीतून. नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा होता. मी ती मागून घेतली आणि तिचे बूड उजेडाकडे धरले. मधोमध ठिणगीच्या टोपीवर खिळा बसल्याची खोल खूण, आणि कडेने के. व एफ. ही दोन इंग्रजी अक्षरे, त्यांच्यापुढे ८ मि. मी. के. एफ. म्हणजे पुण्याजवळील खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना. तो १८६९ साली निघाला. ही वस्तू घरात कशी आली, असे विचारता म्हातारी म्हणाली, "सासरा हाका घालायला जायचा, त्याला रानात सापडली." सासऱ्याजवळ बंदूक होती काय, हा माझा पुढचा प्रश्न तिला इतका वेडगळ वाटला की तिने त्याचे उत्तरच दिले नाही.

हरणाच्या शिकारीस कोणते काडतूस उत्तम, या विषयावर इंग्रजीत जेवढा कागद खर्ची पडला आहे तेवढा कित्येक राज्यांच्या इतिहासावरही पडलेला नसेल. त्या वादात रस घेणारा मी शिकारी नव्हे. जन्मात मी एकही गोळी झाडलेली नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास काडतूस हे नाण्यासारखे किंवा शिलालेखासारखे वाचता येते. नाण्यावर राजा आपला अधिकार सांगतो, काडतुसावर त्याची भीती वाचावयास मिळते.

शब्दापासूनच आरंभ करू. 'बंदूक' आपल्याकडे अरबी-फारशीच्या वाटेने आली. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे शब्द पोर्तुगिजांनी दिले. मूळ 'कार्तूश' म्हणजे कागदाची सुरळी. पूर्वी तोड्याच्या बंदुकीत शिंगड्यातून दारू ओतावयाची, गोळी घालावयाची, गजाने ठासावयाची, कानाशी रंजक भरावयाची आणि मग पेटता तोडा लावावयाचा. इतका खटाटोप होईपर्यंत हरीण तर सोडाच, बैलगाडीही दृष्टीआड व्हावी. एका बाराची दारू व गोळी मोजून कागदात गुंडाळून ठेवण्याची युक्ती निघाली आणि तिला काडतूस हे नाव पडले. हा शब्द घरोघर पोहोचला तो मात्र शिकारीमुळे नव्हे. एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसाचे टोक दातांनी तोडावे लागे, आणि त्यास गाईची व डुकराची चरबी लावलेली आहे ही वार्ता १८५७ साली देशभर पसरली. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या पुस्तकातही ही काडतुसांची हकीकत आली आहे.

आज ज्यास नंदुरबार जिल्हा म्हणतात तो १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वीचा पश्चिम खानदेश, आणि १९०६ पूर्वीचा अखंड खानदेश. उत्तरेस नर्मदा, दक्षिणेकडे तापी आणि मध्ये सातपुड्याच्या रांगा. या रानावर इंग्रजांचा अंमल १८१८ साली बसला, म्हणजे कागदावर बसला. डोंगरात तो बसावयास पुढे कित्येक वर्षे लागली. १८२५ साली भिल्लांची पलटण उभारण्याचे काम जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे आले. त्याने धरणगावास पलटण उभी केली, आणि तिचा पाया शिकारीवर घातला, असे म्हणावयास हरकत नाही. भिल्लांबरोबर रानात राहून, वाघाच्या मागावर पायी हिंडून त्याने त्यांचा विश्वास मिळविला. १८२५ ते १८३४ या काळात त्याच्या टोळीने मारलेल्या वाघांची संख्या दोनशेच्या वर जाते. हे सारे चकमकीच्या व ठासणीच्या बंदुकांनी! एक बार चुकला तर दुसरा भरावयास वाघ सवड देत नसे. त्याचे धैर्य मी नाकारीत नाही. परंतु वाघाचा माग काढणारे, झुडुपातून त्यास उठविणारे आणि प्रसंगी त्याच्या पंज्याखाली सापडणारे जे भिल्ल होते, त्यांची नावे शिकारीच्या त्या जमाखर्चात शोधून सापडत नाहीत.

भिल्लाचे स्वतःचे हत्यार म्हणजे तीरकामठा. कामठा बांबूचा, त्याची दोरीही बांबूच्याच चिवट सालीची. पाखरासाठी बोथट तीर, जनावरासाठी लोखंडी फाळाचा. या हत्यारास आवाज नाही, धूर नाही, आणि ते करण्यास सरकारी परवान्याची गरज नाही. त्याचा पल्ला थोडा असल्यामुळे हरणाच्या अगदी जवळ जावे लागते आणि त्यासाठी वारा, पाणवठा, पायवाट यांचे ज्ञान लागते. शिकारी वाङ्मयात ज्यास 'खेळाची मर्यादा' म्हणून गौरविले जाते, ती येथे हत्यारानेच घालून दिलेली होती.

१८५७ साली सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईकाने सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे भिल्लांची इंग्रजी फौजेशी गाठ पडली. एका बाजूस तीरकामठे व तोड्याच्या बंदुका, दुसऱ्या बाजूस कवायती पलटणी. लढाई संपल्यावर धरलेल्या कित्येकांस जागच्या जागी चौकशीचा देखावा करून गोळ्या घालण्यात आल्या. या प्रसंगानंतर सातपुड्यातील भिल्लाच्या हाती काडतूस जाऊ नये, हे सरकारी धोरणाचे एक सूत्रच बनले, आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने ते साऱ्या देशास लागू केले.

इकडे हा कायदा होत असता तिकडे विलायतेत काडतुसाचे रूप पालटत होते. कागद जाऊन पितळ आले, आणि ठिणगीची टोपी काडतुसाच्या बुडातच बसली. १८७१ साली सैन्यात आलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकीच्या गोळीचे वजन ४८० ग्रेन असे. तोळ्याचे १८० ग्रेन धरले तर ही अडीच तोळ्यांहून अधिक शिशाची गोळी झाली. आपल्याकडील 'बारा बोअर'चा अर्थही वजनाचाच आहे: नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक रत्तल. म्हणजे एकेक गोळी सव्वातीन तोळ्यांची. जड गोळी, मंद गती आणि पुष्कळ धूर, हा त्या काळचा मंत्र होता. मध्य प्रांतातील सातपुड्यात हिंडलेल्या कॅप्टन फॉरसिथने शिकारी बंदुकीच्या गोळ्यांवर १८६३ सालीच स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मराठी वाचकास तो मुख्यत्वे त्याच्या १८७१ च्या मध्य हिंदुस्थानच्या डोंगरी प्रदेशावरील पुस्तकामुळे ठाऊक असतो.

पुढे धूर न करणारी दारू निघाली आणि हा मंत्र उलटला. .३०३ची पहिली गोळी २१५ ग्रेनांची, म्हणजे सव्वा तोळ्यासही कमी. पण वेग जुनीच्या जवळजवळ दीडपट. येथे .३०३ हा आकडा इंचाच्या अपूर्णांकाचा आहे हे सांगणे अवश्य आहे, कारण आमच्याकडे 'थ्री नॉट थ्री' हे पोलिसाचेच नाव असावे अशा रीतीने उच्चारले जाते. ही सडपातळ गोळी सरहद्दीवरील लढायांत शत्रूच्या अंगातून आरपार जाई आणि तो तरीही चालून येई. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात तिच्या टोकावरील कवच काढून शिसे उघडे ठेवण्यात आले, जेणेकरून आत शिरताच ते फुलावे. १८९९ साली हेग येथील परिषदेने अशी गोळी युद्धात निषिद्ध ठरविली. आणि नेमकी तीच मऊ टोकाची गोळी हरणाच्या शिकारीत सभ्य मानली गेली व आजही मानली जाते. कारण कठीण गोळीने आरपार जखमी झालेले जनावर कोसभर जाऊन झुडुपात तडफडत मरते, मऊ गोळीने ते जागीच पडते. दोन्ही नियम आपापल्या जागी विचारपूर्वक केलेले आहेत, तरी ते एकापाठोपाठ वाचताना मन काही वेळ थबकते खरे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हिंदुस्थानातील शिकाऱ्याने कोणते काडतूस वापरावे, हे ना हरणाने ठरविले ना शिकाऱ्याने. ते ठरविले सरकारच्या धास्तीने. सैन्याच्या मापाचे काडतूस खाजगी माणसाजवळ असू नये, असा येथे दंडक होता. १९०७ च्या सुमारास .४५० मापाच्या दारूगोळ्याची आयात हिंदुस्थानात व सुदानात बंद झाली. कारण असे की जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका अजून पुष्कळांच्या हाती होत्या. शिकारी काडतूस त्यांत बसत नसले तरी त्यातील गोळी काढून भरता येईल, ही भीती. मग विलायतेतील कारागिरांनी काय केले? त्यांनी .४६५, .४७० अशी नवी मापे काढली. वाघ तोच, रान तेच. गोळीच्या जाडीत इंचाचा साठावा-सत्तरावा भाग वाढला आणि साम्राज्य सुरक्षित झाले! शिकारीच्या ग्रंथांत या नव्या मापांची थोरवी मोठ्या रसाळपणे वर्णिलेली आढळते. ती जन्मास आली कशामुळे, हे मात्र बहुधा एका ओळीत उरकलेले असते.

आजीच्या सुयांच्या नळीचे कूळही येथेच सापडते. .३०३ निषिद्ध, तेव्हा ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर बंदुकीचे आठ मिलिमीटरचे काडतूस घेऊन त्यास .३१५ म्हणण्यात आले, आणि त्या मापाच्या रायफली येथील नागरिकांसाठी होऊ लागल्या. पुढे इच्छापूरच्या सरकारी कारखान्यानेही त्या केल्या. ही रायफल हाडामासाने सैन्याची ली-एन्फिल्डच. फक्त नळीचे माप वेगळे. गोळी २४४ ग्रेनांची, मऊ टोकाची. चितळास ती पुरेशी, सांबरास चालण्याजोगी, आणि वीस-पंचवीस किलोच्या भेकरास इतकी अतिरिक्त की त्याचे मांसही धड उरू नये. ज्यांस निवड करण्याची मुभा होती त्यांनी वेगळे निवडले. जिम कॉर्बेट यांना १९०७ साली चंपावतच्या वाघिणीबद्दल भेट मिळालेली रायफल .२७५ मापाची होती, म्हणजे वस्तुतः सात मिलिमीटरचे मौझर काडतूस. हलक्या अंगाच्या हरणास ते आदर्श आहे यावर जाणत्यांचे बहुधा एकमत आहे. परंतु खानदेशातील जमीनदारास किंवा फौजदारास ते कोठून मिळणार? त्याच्या वाट्यास .३१५ आणि बारा बोअर.

आणि हरणाचा खरा घात केला तो या बारा बोअरनेच. स्वातंत्र्यानंतर पीकसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने सढळ हाताने दिले गेले. महायुद्धातून उरलेल्या जीपगाड्या स्वस्तात मिळू लागल्या. रात्री दिव्याच्या झोतात दिपून उभ्या राहिलेल्या कळपावर मोठ्या छऱ्यांचा बार टाकावयास नेम लागत नाही, धैर्य लागत नाही, रानाचे ज्ञान तर मुळीच लागत नाही. एक पडे, दोन-तीन छरे घेऊन पळत आणि पुढे मरत. पीक राखण्याचा अधिकार मी मानतो. ज्याच्या ज्वारीत रात्री कळप शिरतो त्यासच त्याचे दुःख कळते. परंतु ही शिकार पीक नसलेल्या वैशाखातही होत असे. मुंबई सरकारने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला होता, पण जंगलातील काळोखात तो कोण वाचणार?

येथे अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाची आठवण येते. तेथे १८९५ साली .३०-३० हे काडतूस निघाले: पहिला आकडा नळीचा, दुसरा तीस ग्रेन निर्धूर दारूचा. १९०६ साली .३०-०६ आले, त्यातील ०६ हे सालच आहे. या दोहोंपैकी हरणास कोणते चांगले, यावर त्या देशात पिढ्यान् पिढ्या वाद चालू आहेत. पण त्या वादास विषय उरला, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. बाजारासाठी चाललेल्या अनिर्बंध शिकारीने १९०० च्या सुमारास तेथील हे हरीण जेमतेम काही लाखांवर आले होते. नंतर मांसविक्रीस आळा बसला, हंगाम व संख्या ठरली, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील शेकडा अकराचा कर वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी राखून ठेवण्यात आला. आज त्यांची संख्या काही कोटींत मोजतात. शिकारी जितकी काडतुसे विकत घेईल तितका पैसा हरणाच्या खात्यात जमा, असा हा हिशेब. तो आपल्याकडे जसाच्या तसा चालला असता असे मी म्हणत नाही. तेथे बंदूक कोणाच्याही हाती होती, येथे ती मोजक्यांच्या हाती होती आणि रान दुसऱ्यांचे होते. तेथील मूळ रहिवाशांचे रानही त्यापूर्वीच हिरावून घेतले होते, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात आरंभी परवान्याने काही शिकारीस वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने तोही गेला. कायदा योग्य आहे, आणि तो उशिरा आला एवढीच माझी तक्रार. मात्र त्याची झळ कोणास लागते हे पाहण्यासारखे आहे. ज्यांनी परवान्याच्या रायफलीने दिवाणखाने शिंगांनी भरले, त्यांची शिंगे भिंतीवरच राहिली. होळीच्या सुमारास तीरकामठा घेऊन रानात शिरणारा भिल्ल मात्र एका ससाण्यासाठीही गुन्हेगार ठरू शकतो.

नंदुरबारच्या लोकांस गोळी म्हटली की हरीण आठवत नाही. त्यांस आठवतो ९ सप्टेंबर १९४२ आणि पंधरा वर्षांचा शिरीषकुमार. मिरवणुकीवर झालेल्या त्या गोळीबारात त्याच्यासह पाच जण पडले. त्या शहरात हरणाच्या काडतुसांविषयी बोलावयास मलाही संकोच वाटतो, हे कबूल केले पाहिजे.

परतताना मी ती नळी आजीच्या हाती दिली. विद्यार्थ्याने विचारले, "सर, या गोळीने काय मेलं असेल?" बुडावरील खुणेवरून बार उडाला एवढेच कळते. सांबर असेल, भेकर असेल, किंवा नेम चुकलाही असेल. त्या मुलाने अजून भेकर पाहिलेले नव्हते. त्याचे ओरडणे कुत्र्याच्या भुंकण्यासारखे असते, असे आजीने त्यास सांगितले, आणि सुया परत नळीत भरून बोळा लावला.