संसदेचा दिवस आणि स्थायी समिती

लोकसभेचे कामकाज सहसा सकाळी 11 वाजता प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होते. 12 नंतर शून्य प्रहर, मग विधेयके. विधेयक स्थायी समितीकडे पाठवले, तर त्याच्या कलमांची बारकाईने छाननी मात्र तिच्या बंद दाराआडच्या बैठकांत होते. तिथे लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य अधिकारी, कामगार संघटना व उद्योजकांच्या साक्षी घेतात. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

व्यावसायिक सुरक्षा संहितेचे 2019 चे विधेयक असेच समितीकडे गेले. सुधारित विधेयक सप्टेंबर 2020 मध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी किमान कामगारसंख्या त्यात 10 वरून 20 झाली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील चादर-टॉवेल विणणाऱ्या छोट्या यंत्रमागधारकांना व त्यांच्या कामगारांना हा आकडा थेट भिडतो: वीसहून कमी कामगारांचे युनिट कारखान्याच्या व्याख्येत येत नाही.