संशयिताचे बिऱ्हाड

६ जानेवारी १९२४ रोजी विनायक दामोदर सावरकर येरवड्याच्या तुरुंगातून बाहेर पडले ते दोन अटी मान्य करून. रत्नागिरी जिल्ह्याची हद्द परवानगीवाचून ओलांडायची नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. मुदत पाच वर्षांची, सरकारला वाटल्यास वाढवण्याची. सरकारला तसे वाटत राहिले आणि ही पाच वर्षे १९३७ च्या मे महिन्यापर्यंत लांबली. त्या काळातली सहभोजने, पतितपावन मंदिर, गांधीजींनी १९२७ मध्ये रत्नागिरीत घेतलेली भेट, या सगळ्यावर भरपूर लिहिले गेले आहे. ज्याच्या दारात येणाऱ्याजाणाऱ्यावर पोलिसांची नजर असते अशा माणसाला राहायला जागा कोण देतो, या साध्या प्रश्नाकडे मात्र फारसे कुणी वळत नाही.

रत्नागिरीला असले रहिवासी नवे नव्हते. मुंबईहून येणारी आगबोट पावसाळ्यात बंद, पूर्वेला सह्याद्रीचे घाट आणि रेल्वेचा पत्ता नाही. कोकण रेल्वे पूर्ण होऊन धावू लागली तीच १९९८ मध्ये. त्यामुळे नको असलेल्या माणसाला ठेवायला ब्रिटिशांना हा जिल्हा सोयीचा वाटला यात नवल नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ मध्ये इथे आणला गेला. सरकारने ठरवून दिलेल्या बंगल्यांत त्याने दोन तपे काढली, १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी जांभ्या दगडाचा आणि सागवानाचा राजवाडा उभा राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात तो तिथेच वारला. घर सरकारचे, पहारा सरकारचा, खर्चही सरकारच्या हिशेबातला. मालक आणि पोलीस एकच असल्यामुळे थिबाच्या बाबतीत घरमालकाची पंचाईत उद्भवलीच नाही.

सावरकरांची गोष्ट वेगळी. त्यांना जिल्हा नेमून दिला होता, घर नव्हे. शहरात प्लेग होता म्हणून १९२४ च्या अखेरीला ते जवळच्या शिरगावात विष्णुपंत दामले यांच्या घरी राहायला गेले आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तिथे राहिले. ती खोली आजही दाखवली जाते. कोकणातल्या घरात पाहुणा लपत नाही. ओटीवर कोण बसले आहे, पडवीत कुणाची वळकटी आहे, हे वाडीला दिवेलागणीच्या आत कळते. गुप्त पोलिसांना तिथे फार कष्ट पडत असतील असे वाटत नाही. तरीही घर देणाऱ्यावर कायद्याने काही बंधन नव्हते. भाडेकरूची माहिती मालकाने ठाण्यात कळवावी, हा आजचा रिवाज तेव्हा नव्हता. नजर ठेवणे हे सरकारचे काम होते आणि सरकार ते स्वतः करत असे. पुढे तर याच संशयिताला सरकारने महिना ६० रुपये निर्वाहभत्ता सुरू केला. म्हणजे घरखर्चाला अप्रत्यक्ष हातभार पहारेकऱ्याचाच.

सावरकर शिरगावात राहायला गेले त्याच्या पंधरा वर्षे आधी रत्नागिरी जिल्ह्यातल्याच एका पोराने उलट टोकाचा दाखला घालून दिला होता. खेड तालुक्यातल्या आयनीचा अनंत कान्हेरे शिक्षणासाठी औरंगाबादला गेला आणि गंगाराम रूपचंद श्रॉफ यांच्या घरात खोली घेऊन राहू लागला. औरंगाबाद निजामाच्या मुलखात, त्यामुळे इंग्रजी पोलिसांचा हात तिथे सहज पोचत नसे. नाशिकच्या गुप्त मंडळींशी अनंताची गाठ पडली ती याच घरमालकाच्या ओळखीपाळखीतून. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात त्याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी साथीदार कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासह तो ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. संशयित भाडेकरूचे मालकाने काय करावे, हा प्रश्न या घरात उलटाच पडला होता. मालकच त्याला साथ देणारा निघाला.

सरकारने धडा घेतला, पण तो मालकाला पोलिसाचे काम देण्याचा नव्हता. सविनय कायदेभंगाच्या काळात, म्हणजे १९३० ते १९३२ दरम्यान, वटहुकूम निघाले आणि पुढे ते कायद्यात गेले. बेकायदा ठरवलेल्या संघटनेसाठी एखादी जागा वापरली जाते असे सरकारला वाटले की ती जागा अधिसूचित करायची, ताबा घ्यायचा, आत असेल त्याला बाहेर काढायचे. खटला नाही, शिक्षा नाही, मालकाची परवानगी तर नाहीच. नुसत्या संशयावर घर रिकामे करण्याची सत्ता या देशात होती खरी. पण ती सरकारच्या हाती होती, घरमालकाच्या नव्हे.

भाड्याच्या खोलीचा खरा इतिहास मात्र रत्नागिरीकराने रत्नागिरीत नव्हे, मुंबईत घडवला. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या घरात होती आणि त्यातले सव्वा लाखावर लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. दर सहा मुंबईकरांत एक रत्नागिरीचा. गिरणगावात या चाकरमान्यांनी गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. एका खोलीत पंधरा-वीस माणसे, भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, खुंटीवर सदरा, कोपऱ्यात वळकट्यांची चळत. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठणार. घरमालकाला यांतला एकही माणूस तोंडओळखीने माहीत नसे. त्याचा भाडेवसुल्या महिन्याला यायचा, खोलीच्या कारभाऱ्याकडून पैसे घ्यायचा आणि पावती फाडायचा.

मग एखादा पोरगा वाईट संगतीला लागला, चोरीचा माल आणू लागला, तर? मालक मधे येत नसे. खोलीच्या गावमंडळाची बैठक भरायची, गावी पत्र जायचे आणि त्याची ट्रंक जिन्याखाली ठेवली जायची. ही व्यवस्था न्यायाची होती असे म्हणवत नाही. जातीच्या नि भावकीच्या हिशेबाने तिथे निकाल लागत. पण ती चालत होती, कारण माणूस कोणत्या वाडीतला आणि कोणाचा, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असे.

शेजारच्याच वस्त्यांत १९४२ मध्ये एक निराळा भाडेकरू फिरत होता. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा काँग्रेस रेडिओ सुरू झाला तो चौपाटीवरच्या सी व्ह्यू इमारतीतून. पोलिसांची रेडिओलहरी शोधणारी गाडी माग काढत येई, म्हणून प्रक्षेपक घेऊन जागा बदलत राहायचे: रतन महाल, अजित व्हिला, लक्ष्मी भुवन, गिरगावातली पारेखवाडी, शेवटी महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला. १२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडला आणि सगळे संपले. अडीच-तीन महिन्यांत इतक्या जागा मिळवायच्या म्हणजे कुणीतरी किल्ल्या देत होते, कुणीतरी फार चौकशी न करता भाडे मोजून घेत होते. त्या न विचारणाऱ्यांची नावे इतिहासात नाहीत. स्वातंत्र्यलढ्याला त्यांची मदत झाली आणि उद्या त्याच सवयीचा फायदा हातभट्टीवाल्यालाही होणार होता.

तो झालाच. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईच्या चाळींत हातभट्टीचे गुत्ते आले, साठच्या दशकात मटक्याच्या चिठ्ठ्या आल्या. रहिवासी मालकाकडे तक्रार घेऊन जात आणि मालक हात वर करत. त्याचे कारण १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यातल्या कलम १३ मध्ये आहे. शेजाऱ्यांना उपद्रव होत असेल, किंवा जागेचा अनैतिक अथवा बेकायदा कामासाठी वापर केल्याबद्दल भाडेकरूला शिक्षा झाली असेल, तर मालकाला कोर्टात ताबा मागता येई. उपद्रवाला साक्षीदार लागत आणि गुत्त्याविरुद्ध साक्ष द्यायला चाळीत कोण पुढे येणार? बेकायदा वापराला तर आधी फौजदारी कोर्टाची शिक्षाच लागे. संशय, छापा, अटक, आरोपपत्र, यांतले काहीच पुरेसे नाही. १९३२ मध्ये सरकारच्या एका सहीने जे होत होते, त्याला आता दोन कोर्टे आणि बारा-पंधरा वर्षे लागू लागली. भाडेकरूच्या बाजूने पाहिले तर हे योग्यच होते. नाहीतर भाडेवाढ हवी असलेल्या प्रत्येक मालकाला आपला भाडेकरू गुन्हेगार दिसू लागला असता.

मालकांनी वाट शोधली ती लीव्ह अँड लायसन्सची. भाडेकरू नव्हे, परवानगीने राहणारा, मुदत संपली की बाहेर. पण १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे असे राहत होते ते सगळे भाडेकरू मानले गेले. त्याचा धसका एका पिढीने घेतला. मुंबईत फ्लॅट कुलपात राहिले. कोकणात आधीच कूळकायद्याने पोळलेला माणूस गावचे घर कुणाला राहायला द्यायला धजेना. गणपती आणि शिमगा सोडून वर्षभर बंद असलेल्या कित्येक घरांमागे नुसते स्थलांतर नाही, ही भीतीही आहे.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ लागू झाला. शिक्षेची अट त्यातही कलम १६ मध्ये तशीच राहिली. बदलले ते दुसरीकडे. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येते आणि तोवर त्याच्याकडून दुप्पट दराने भरपाई घेता येते. म्हणून संशय आलेला मालक आज बहुधा गुन्ह्याचा उच्चारही करत नाही. करार संपायची वाट पाहतो आणि नूतनीकरण नाकारतो. पाणी तोडणे, वीज बंद करणे, कुलूप बदलणे हे धाडस करू नये. अत्यावश्यक सेवा बंद करणे हा कलम २९ खाली मालकाचाच गुन्हा होतो.

दरम्यान पोलिसांनी मालकाला कामाला लावले. दहशतवादी हल्ल्यांनंतर मोठ्या शहरांत भाडेकरूची माहिती ठाण्यात देण्याचे आदेश निघू लागले. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. फोटो, आधार, मूळ गाव, कामाचे ठिकाण, ओळखणारी दोन माणसे. परदेशी माणूस ठेवला तर २४ तासांत कळवायचे. रत्नागिरीत याचा संबंध फ्लॅटपेक्षा बागेशी आणि खाणीशी जास्त. हापूसच्या बागांतले नेपाळी राखणदार, मिरकरवाड्याच्या होड्यांवरचे खलाशी, चिरेखाणीवरचे परप्रांतीय कामगार हे सगळे मालकाने दिलेल्या झोपडीत, खोपीत किंवा होडीवरच राहतात. ते भाडेकरू नाहीत, त्यांचा करार नाही आणि अलीकडे तालुक्यातल्या चिरेखाणीवर कागदपत्रांविना राहणारे बांगलादेशी नागरिक सापडले तेव्हा त्यांना जागा कोणी दिली हा प्रश्न उभा राहिलाच.

काही कायद्यांत मालक थेट सापडतो. १८८७ चा जुगारबंदी कायदा घर जाणूनबुजून अड्ड्यासाठी देणाऱ्या मालकालाही शिक्षा सांगतो. अमली पदार्थांच्या कायद्याचे कलम २५ तेच म्हणते. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली सार्वजनिक जागेपासून २०० मीटरच्या आत कुंटणखाना चालत असेल तर दंडाधिकारी नोटीस काढून जागा रिकामी करवू शकतो आणि पुढे वर्षभर ती कुणाला द्यायची झाली तर मालकाला त्याची मंजुरी घ्यावी लागते. मालकाला शिक्षा सांगणाऱ्या कलमांत ‘जाणूनबुजून’ कळीचे ठरते. शंका आली आणि मालक गप्प राहिला, तर तो गप्पपणा पुढे त्याच्याच अंगावर येऊ शकतो. म्हणून अनुभवी वकील पहिला सल्ला देतो तो ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घेण्याचा. त्यात ऐकीव गोष्टी नकोत, पाहिलेलेच लिहायचे: अमुक तारखेला रात्री इतक्या वाजता अमुक गाडी आली. तपास पोलिसांचा. खोलीची झडती मालकाने घेतली तर तीच घुसखोरी ठरते.

एवढे करूनही बरेच मालक नेमके एका जागी चुकतात. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज रत्नागिरीच्या आळ्यांत अजून ठाम आहे. महाराष्ट्रात भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे प्रत्येक भाडेकरार आणि लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदलेला हवा. मुदत कितीही असो. ती जबाबदारी मालकाची. करार नोंदलेला नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाडेकरूवरचा गुन्हा सिद्ध व्हायला वर्षे जातील. मालकाचा मात्र साध्या स्टँपपेपरवरचा तो नोंद न केलेला करार त्यानेच वकिलाच्या टेबलावर ठेवलेला असतो.