पट्ट्याची मुदत आणि विहिरीची धार

येरवड्याच्या घरांत नळाच्या वायूवर चहाचें आधण ठेवणाऱ्या गृहिणीला त्या वायूचें देयक तेवढें ठाऊक असतें. परंतु भूगर्भांतील तेल व वायु काढण्याचा हक्क कोणाला आणि किती काळ, या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

अमेरिकेंत १८५९ सालीं पेनसिल्व्हानिया प्रांतांत ड्रेक यानें तेलाची विहीर खणली. तेथें जमिनीखालचें तेल जमीनमालकाचें. म्हणून कंपन्या त्याच्याकडून पट्टा लिहून घेऊं लागल्या. मुदत ठराविक असली, तर ती सरतांच वाहती विहीर कंपनीच्या हातची जाई. मुदत लांब असली, तर कंपनी जमीन अडवून स्वस्थ बसे. यावर तोड निघाली ती अशी: पहिली मुदत थोड्या वर्षांची, पुढें फायदेशीर प्रमाणांत तेल निघत राहील तोंवर पट्टा जिवंत. वायूला गिऱ्हाईक नसल्यामुळें विहीर बंद ठेवावी लागली, तर मालकास ठरीव रक्कम देऊन हक्क राखण्याचें कलमही आलें.

मराठी राज्यांत पडीक जमिनीस कौल देत, तेव्हां इस्तावा बांधून सारा वर्षानुवर्षें चढवीत. जमीन कसली जावी, हाच तेथेंही हेतु होता.

भारतांत समुद्रतळाचें तेल संघराज्याच्या मालकीचें. १९५९ च्या नियमांनीं शोधाचा परवाना प्रथम ४ वर्षांचा व खाणपट्टा सामान्यतः २० वर्षांचा ठरविला. येथें केवळ धार वाहते म्हणून हक्क वाढत नाहीं; सरकारची संमति लागते. मुंबईनजीकच्या समुद्रांतील पन्ना-मुक्ता क्षेत्राचा करार १९९४ च्या डिसेंबरांत २५ वर्षांसाठीं झाला. २०१९ च्या डिसेंबरांत मुदत संपली, तेव्हां विहिरी वाहत होत्या. तरी खासगी भागीदार बाजूला झाले आणि क्षेत्र तेल व नैसर्गिक वायु महामंडळाकडे गेलें. राजस्थानांतील बारमेरच्या १९९५ च्या करारास मुदतवाढ देतांना सरकारनें नफ्यांतील आपला वाटा शेंकडा १० नें वाढवून मागितला. कंपनी न्यायालयांत गेली. २०२१ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें सरकारची बाजू उचलून धरली.

शेत दरसाल पिकतें. तेलाची विहीर एकदां आटली कीं आटली. म्हणूनच मुदत वाढवितांना धनी जो वाढीव वाटा मागतो, तो पुढील पिढीच्याही वतीनें मागत असतो.