डबक्यांतील प्राणी आणि इंग्लंडचा कायदा

इंग्लंडमधील शेतांतून एके काळीं जागोजाग डबकीं असत. तीं बहुतेक माणसानेंच खणलेलीं. चेशायर परगण्यांत जमिनीस कस यावा म्हणून शेतकरी चुन्याचा अंश असलेली माती उकरून काढीत. खड्ड्यांत पाणी सांचे, तें गुरांच्या उपयोगीं पडे. या पाण्यांत न्यूट नांवाचा प्राणी सुखानें नांदत असे. दिसावयास पालीसारखा, परंतु कुळानें बेडकाचा भाऊबंद. ब्रिटनमधील त्याच्या तीन जातींपैकीं तुरेवाला सर्वांत मोठा: लांबी सुमारें 15 सेंटिमीटर, पाठ काळपट व खरबरीत, पोट नारिंगी. वसंतांत नराच्या पाठीवर करवतीसारखा तुरा उभा राहतो. मादी पाणवनस्पतीचें पान दुमडून त्यांत एकेक अंडें ठेवते. त्यांतील निम्मीं जन्मजात दोषामुळें मरतात. वर्षाचा बराच काळ मात्र तो पाण्याबाहेर, दगडांखालीं नि कुंपणांच्या मुळाशीं काढतो. पुढील सर्व तंट्याचें मूळ या संवयींत आहे. कारण तळें राखून भोंवतालची जमीन बांधून काढली तर त्याचें निम्मेंअधिक घर गेलेंच.

विसाव्या शतकांत शेतांवर नळाचें पाणी आलें आणि डबकीं बुजूं लागलीं. संरक्षण आलें तें त्यानंतर. 1979 चा बर्नचा करार, 1981 चा ब्रिटिश वन्यजीव कायदा, 1992 चा युरोपीय निर्देश आणि त्यास अनुसरून 1994 चे नियम, अशी पकड घट्ट होत गेली. न्यूटास मारणें, पकडणें किंवा त्याचें आश्रयस्थान मोडणें हा गुन्हा ठरला. घरें वा रस्ता बांधावयाचा तर परवाना हवा. त्यासाठीं काम लोकहिताच्या निकडीचें आहे, दुसरा समाधानकारक मार्ग नाहीं आणि जातीच्या सुस्थितीस बाध येणार नाहीं, हें दाखवावें लागे. मग वसंतांतील रात्रीं विजेऱ्या घेऊन गणना, प्लास्टिकचें ठेंगणें कुंपण, जमिनींत पुरलेल्या बादल्या, आणि त्यांत पडलेले न्यूट उचलून नव्या तळ्याकडे पोंचविणें. ऋतु चुकला कीं काम वर्षभर लांबे.

पीटरबरोजवळील ऑर्टनच्या खाणी या बाबतींत बोलक्या आहेत. विटांसाठीं माती काढून टाकून दिलेल्या त्या उजाड भूमींत शंभराहून अधिक तळीं झालीं, आणि ब्रिटनमधील न्यूटांच्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकीं एक तेथें वाढली. शेजारीं हॅम्प्टनचें उपनगर उभें राहिलें, तरी ती जागा राखीव राहिली. वीटभट्टीवाल्यांनीं हें पुण्य जाणून जोडलें नव्हतें!

30 जून 2020 रोजीं डडली येथें पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनीं न्यूट मोजण्यांतील दिरंगाई देशाच्या भरभराटीस अडसर आहे, असें म्हटलें. बोलणें टाळ्यांचें, पण अर्धेंच खरें. कारण त्यापूर्वींच वोकिंग येथें निराळी व्यवस्था सुरू होऊन ती इतर जिल्ह्यांत पसरत होती. तींत बांधणारा ठराविक रक्कम भरतो, आणि एकेक प्राणी वेंचण्याचा खटाटोप बहुधा टळतो. बांधकामाच्या जागेंतील न्यूट यांत मरूं शकतो. जुनी पद्धत त्या एकाची विचारपूस करी, नवी सबंध जातीचा हिशेब पाहते. आणि हिशेब चोख असला तरी हा सौदा हलका नाहीं. त्या रकमेंतून शेतकऱ्यांच्या जमिनींवर नवीं डबकीं खणलीं जातात, जुनीं गाळ काढून मोकळीं केलीं जातात, आणि 25 वर्षें तीं राखण्याची तजवीज असते.