आयुष्यभराचं तेल, पण कुणाच्या आयुष्याचं?

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हाला बाहेर गाठून विचारलं की तत्त्वज्ञानाच्या माणसाने मोटारीच्या डागडुजीवर बोलायचं काय कारण? प्रश्न रास्त आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? या प्रश्नावर आमच्या क्षेत्रातली माणसं शतकानुशतकं खल करत आली आहेत. पण त्या आसाला वंगण कोण घालत होतं, हे आमच्यापैकी फारसं कुणी विचारलेलं नाही. आज आपण तो प्रश्न एका आधुनिक रथाच्या बाबतीत विचारणार आहोत. दोन-तीन लाख किलोमीटर पळालेली, दुसऱ्या-तिसऱ्या हातात आलेली हायब्रिड गाडी, हा तो रथ.

हायब्रिडचा इतिहास सांगायला बसलं की सगळे शोधांपासून सुरुवात करतात. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात व्हिएन्नाच्या लोनर कंपनीची विजेवर चालणारी गाडी मांडली गेली. तिच्या चाकांतच मोटर बसवण्याची कल्पना तरुण फर्डिनंड पोर्शेची. लगेचच त्याने पेट्रोल इंजिन आणि वीज यांची सांगड घातलेली गाडीही केली. मग जवळजवळ शतकभर हा विषय अडगळीत पडला. १९९३ मध्ये टोयोटाने एकविसाव्या शतकाच्या गाडीचा प्रकल्प हाती घेतला, ताकेशी उचियामादा हे मुख्य अभियंता झाले, आणि डिसेंबर १९९७ मध्ये जपानच्या रस्त्यावर प्रियस आली. इथवरचा इतिहास कुठल्याही पुस्तकात सापडतो. तो जन्माचा इतिहास आहे. पुढचं आयुष्य कसं गेलं, याची नोंद मात्र विखुरलेली, बरीचशी गॅरेजातल्या तेलकट वह्यांमध्ये.

सुरुवातीला लोकांना धास्ती होती ती बॅटरीची. पाच वर्षांत ती बसेल आणि गाडी भंगारात जाईल, असं जाणकारही म्हणत होते. तसं झालं नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका टॅक्सीवाल्याने पहिल्या पिढीची प्रियस तीन लाख किलोमीटरच्या पुढे नेली, तेव्हा खुद्द कंपनीनेच ती तपासणीसाठी परत घेतली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने दोन लाख मैलांहून जास्त पळालेली २००२ सालची प्रियस दहा वर्षांपूर्वीच्या आपल्याच चाचणीशी ताडून पाहिली. लिटरला साधारण १७ किलोमीटर. तेव्हा आणि आता जवळजवळ तेवढेच. अशा बातम्यांनी एक समज घट्ट केला की ही गाडी काही मागत नाही. आमच्या मते गोंधळ या समजातून सुरू झाला.

त्या समजाला आधार नव्हता असं नाही. या गाडीला वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. ती कामं तिच्या विद्युत मोटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स करतात. २००९ च्या तिसऱ्या पिढीत तर बाहेरचा पट्टाही गेला, पाण्याचा पंपसुद्धा विजेवर आला. वेग कमी करताना मोटरच गाडीला रोखते आणि वीज परत भरते, म्हणून ब्रेक पॅड कमालीचे टिकतात. पण देखभाल कमी झाली म्हणजे ती संपली असं नव्हे. बरीचशी फक्त नजरेआड गेली.

ब्रेकचंच घ्या. पॅड झिजत नाहीत, म्हणून कुणी चाक काढून बघत नाही. न वापरलेल्या कॅलिपरच्या पिना गंजून घट्ट बसतात, आणि ब्रेक ऑइल तर गाडी उभी असली तरी हवेतलं पाणी ओढून घेतं. बॅटरीचं याहून मजेदार आहे. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २८ निकेल-मेटल हायड्राइड मॉड्यूल आहेत, प्रत्येकी ७.२ व्होल्टचं, मिळून २०१.६ व्होल्ट. त्यांना थंड ठेवणारा पंखा हवा घेतो ती प्रवाशांच्या केबिनमधून, मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीतून. म्हणजे पोरांनी सांडलेला खाऊ, सीटचे धागे, कुत्र्याचे केस, सगळं त्या पंख्यात. पंखा तुंबतो, बॅटरी तापते, आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. दहा वर्षांचं दुर्लक्ष एक दिवस लाल त्रिकोण होऊन डॅशबोर्डवर उगवतं, आणि मालक म्हणतो, हायब्रिड म्हणजे ही अशीच!

इन्व्हर्टर थंड ठेवणारा छोटा विजेचा पंपही असाच गरीब बिचारा. इंजिनाच्या कूलंटपासून वेगळं असं त्याचं स्वतःचं कूलंट असतं, हे अनेक मालकांच्या गावीही नसतं. २०१२ मध्ये टोयोटाने या पंपासाठी दुसऱ्या पिढीच्या गाड्या परत बोलावल्या होत्या. गाडी चालू स्थितीत ठेवून त्या कूलंटच्या टाकीत डोकावलं आणि पाणी खळबळताना दिसलं, तर पंप जिवंत आहे. पाच मिनिटांचं काम. तिसऱ्या पिढीत मेकॅनिक लोकांना त्रास देते ती इंजिनात धूर परत फिरवणाऱ्या व्यवस्थेची नळी. ती काजळीने भरते, आणि पुढे हेड गॅस्केटचा खर्च अंगावर येतो.

आता तेलाकडे येऊ. ट्रान्सअ‍ॅक्सलचं, म्हणजे सामान्य गाडीत जिथे गिअरबॉक्स असतो तिथलं तेल. अमेरिकेतल्या साध्या वापराच्या सर्व्हिस तक्त्यात त्याच्यापुढे ‘तपासा’ असं असतं, ‘बदला’ असं नसतं. मोटारधंद्यात अशा तेलाला आयुष्यभराचं तेल म्हणतात. इथे आमच्यासारख्याचे कान टवकारतात. आयुष्य कुणाचं? तेलाचं, गाडीचं, की पहिल्या मालकाच्या मालकीचं? अमेरिकेत त्या काळच्या गाड्यांना बॅटरीची हमी बहुतेक राज्यांत ८ वर्षं किंवा १ लाख मैल होती. पहिला मालक त्या आत-बाहेर गाडी विकून मोकळा होतो. त्याच्यापुरतं ते तेल खरोखरच आयुष्यभर पुरतं. त्यानंतर जो कमी पैशांत गाडी घेतो, त्याच्या वाट्याला न केलेली सगळी कामं एकदम येतात. त्यांची किंमत विक्रीच्या कागदावर कुठेही लिहिलेली नसते.

हे देशादेशांमध्येही घडलं आहे. जपानमध्ये ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीला तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. गाडी जुनी होते तसा तो खर्च नकोसा वाटतो, आणि धडधाकट गाड्या परदेशी जातात. मंगोलियाच्या उलानबातरमध्ये अशा प्रियसचा नुसता सुळसुळाट आहे. सरकारने हायब्रिडला करात सवलत दिली, आणि उणे ३० अंशांच्या थंडीत जिथे इतर इंजिनं कुरकुरतात तिथे ही सुरू होते, कारण मोठी बॅटरी ते फिरवते. पण सोबत आलेली नोंदवही जपानी भाषेत, वाचणार कोण? जपानमध्ये टळलेला खर्च आणि शेवटी निकामी होणारी बॅटरी, दोन्ही मंगोलियाच्या पदरात. याला निर्यात म्हणायचं की आणखी काही, ते अर्थशास्त्रवाल्यांनी ठरवावं.

आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. त्याने दोन वर्षांपूर्वी १ लाख ९० हजार मैल झालेली २००८ ची प्रियस घेतली. महिन्याभरात दिवे लागले. एका गॅरेजने थेट मोठी बॅटरी बदलायला सांगितली, खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. तो आमच्याकडे तर्कशास्त्र शिकलेला, त्यामुळे त्याने आधी स्वस्त कारणं तपासली. डिकीच्या कोपऱ्यात एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. तिच्याशिवाय संगणक जागे होत नाहीत, मोठी बॅटरी कितीही भरलेली असो. ती मरायला टेकली होती. पंख्यात केसांचा गोळा होता. दोन्ही उरकल्यावर दिवे विझले. मग त्याने कूलंट, ब्रेक ऑइल, ट्रान्सअ‍ॅक्सलचं तेल, स्पार्क प्लग असा क्रम लावून वर्षभरात जमेल तसा अनुशेष भरून काढला. नारिंगी वायरींना मात्र हात लावला नाही. ते प्रशिक्षित माणसाचंच काम. पुढे सतरा महिन्यांनी बॅटरीतलं एक मॉड्यूल गेलंच. एकच बदललं तर बाकीची म्हातारी मंडळी रांगेत उभी असतात, म्हणून त्याने पूर्ण संच घेतला. पण तोवर पैसे साठवायला त्याला अवधी मिळाला होता.

आपल्याकडे प्रियस २०१० मध्ये आली ती इतकी महाग की रस्त्यावर क्वचितच दिसली. खरी सुरुवात २०२२ ची. हायरायडर, ग्रँड विटारा, सिटी, मग इनोव्हा हायक्रॉस. टोयोटाची इथली बॅटरीची हमी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. यातल्या टॅक्सीला लागलेल्या गाड्या हा आकडा फार लवकर ओलांडतील, आणि नाशिक-कोल्हापूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात उभ्या राहतील. विकणारा बाहेरून पॉलिश मारून देईल. घेणाऱ्याने सर्व्हिसची बिलं मागावीत, आणि कूलंट कधी बदललं, बॅटरीचा पंखा कधी साफ केला, हे दोन प्रश्न तरी नक्की विचारावेत.

आमची वेळ संपली. सभागृहात कुणी मेकॅनिक असतील तर पहिला प्रश्न त्यांनी विचारावा, किंवा आमचं काही चुकलं असेल तर तिथेच सांगावं.