चोर शोधण्याचा खेळ

राजा, प्रधान, शिपाई, चोर हा चिठ्ठ्यांचा खेळ लहानपणी खेळला नाही असा माणूस आपल्याकडे विरळा. चार चिठ्ठ्या टाकायच्या, एकेकाने एकेक उचलायची आणि ज्याच्याकडे शोधण्याचे काम येईल त्याने चोर ओळखायचा. कुठे हे काम प्रधानाकडे असते, कुठे शिपायाकडे. तो बिचारा उरलेल्यांच्या तोंडाकडे बघतो. एकजण गालात हसतो, दुसरा उगाच आढ्याकडे पाहतो. मग शोधणारा कुणाकडे तरी बोट करतो. खेळ मोठ्या गमतीचा. पण त्यात एक गोष्ट मुळीच नाही, आणि ती म्हणजे पुरावा. चेहऱ्यावरून चोर ठरवायचा, एवढाच त्याचा कायदा!

आज मुलांच्या हाती याच जातीचा दुसरा एक खेळ आला आहे. तळहातावर मावणारे, पडदा आणि कळा असलेले एक यंत्र असते. त्याला कन्सोल म्हणतात. त्या पडद्यावर एक गुन्हा घडतो आणि खेळणाऱ्याने डिटेक्टिव्ह होऊन, म्हणजे गुप्त पोलीस होऊन, त्याचा छडा लावायचा असतो. तुम्ही म्हणाल, मुलांच्या डोळ्यांचा नाश करणाऱ्या असल्या खेळावर इतिहासाच्या माणसाने काय बोलावे? तक्रार खोटी नाही. तासन् तास पडद्याला डोळे लावून बसणे वाईटच. परंतु ह्या खेळाच्या पोटात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. गुन्हा कुणी केला हे माणसाने कसे ठरवावे? ह्या प्रश्नाचा इतिहास आपल्या माणदेशाच्या वाटेनेही गेला आहे, म्हणून त्याची हकीकत आज सांगायची आहे.

प्रथम खेळाची कुळकथा पाहू. गुन्ह्याचा छडा बुद्धीने लावणारा नायक एडगर ॲलन पो ह्या अमेरिकन लेखकाने १८४१ साली कथेत आणला. १८८७ साली कॉनन डॉइलचा शेरलॉक होम्स आला. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू घराघरांत पोहोचले. कंदिलाच्या उजेडात ही पुस्तके वाचून काढणारी एक पिढीच होऊन गेली. पुढे १९८३ साली युजी होरी ह्या जपानी तरुणाने संगणकावर खेळण्यासाठी एका खुनाच्या तपासाची कथा रचली. आता कथा नुसती वाचायची नव्हती. कुठे जायचे, कुणाला काय विचारायचे, हे खेळणाराच ठरवू लागला.

हातात धरून खेळायच्या यंत्रांचा जन्म त्याच्या थोडा आधीचा. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८० साली असे छोटे यंत्र काढले आणि १९८९ साली तिचा प्रसिद्ध गेम बॉय आला. त्याच घराण्यातल्या पुढच्या यंत्रासाठी कॅपकॉम ह्या कंपनीने २००१ साली ‘ग्याकुतेन साइबान’ नावाचा खेळ काढला. नावाचा अर्थ साधारणपणे ‘बाजी उलटवणारा खटला’ असा. त्याचा कर्ता शू ताकुमी.

ह्या खेळाची रीत नीट समजून घ्या, कारण आपला मुद्दा तिच्यातच आहे. खेळणारा असतो आरोपीचा वकील. सगळे जग ज्याला खुनी म्हणते त्याची बाजू त्याने मांडायची. आधी गुन्ह्याच्या जागी जायचे आणि सापडेल ती वस्तू नोंदवून ठेवायची. मग कोर्टात साक्षीदार बोलू लागतो. त्याचे एकेक वाक्य ऐकायचे, उलट प्रश्न विचारायचे आणि जे वाक्य हातातल्या पुराव्याशी जुळत नाही तिथेच ‘हरकत आहे!’ म्हणून तो पुरावा पुढे ठेवायचा. चुकीचा पुरावा दाखवला की दंड. पाच वेळा चूक झाली की खटला हरला आणि निरपराध माणूस तुरुंगात गेला! म्हणजे चिठ्ठ्यांच्या खेळात जे नुसत्या अंदाजावर भागते ते येथे भागत नाही. अंदाज कितीही बरोबर असो, तो सिद्ध करणारी वस्तू हाती नसेल तर गप्प बसावे लागते.

आता जपानमधून आपल्या मुलखात या. पुरावा पाहून बोलण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. आपल्या गावगाड्यात जागल्या होता, रामोशी होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा पेशवाईच्या पडत्या काळात पुण्यात इंग्रजांचा वकील होता. त्याने १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या इतिहासात गावच्या रखवालदाराचे काम वर्णिले आहे. गावात चोरी झाली की चोराचा माग काढणे रखवालदाराकडे. पावलांच्या खुणा पाहत तो निघे. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला आणि तिथल्या रखवालदाराची तशी खात्री पटली, की ह्याची जबाबदारी सुटे. पुढचा माग त्या गावाने काढायचा. माग निघाला नाही तर चोरीची भरपाई रखवालदाराने ऐपतीप्रमाणे करायची आणि राहिलेली गावाने.

पाहा, ह्यात किती समजूत आहे! नुसते ‘चोर तुमच्या गावात आहे’ असे म्हणून चालत नसे. खूण दाखवावी लागे, आणि ती पाहून दुसऱ्या गावच्या जाणकाराने मान डोलवावी लागे. माणदेशातल्या मेंढपाळाला हे समजावून सांगायला नको. मऊ फुफाट्यात उठलेला खूर मेंढीचा की शेळीचा, आजचा की कालचा, जनावर लंगडत होते की काय, हे तो चालता चालता सांगतो. जमिनीवर लिहिलेले वाचण्याचीच ही विद्या होय.

अर्थात जुने ते सारे सोने असे मात्र समजू नका. जिथे साक्षी-पुरावा संपे तिथे आपले पूर्वज दिव्यावर जात. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यात रवा-दिव्य होई. कढत तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग तो हात पिशवीत घालून वर मोहोर करायची आणि तिसऱ्या दिवशी उघडून पाहायचा. हात भाजला असेल तर पक्ष खोटा, नसेल तर खरा. निवाडा देवावर सोपवला, असे समाधान लोकांना मिळे. पण कातडी भाजणे आणि दावा खोटा असणे ह्यांचा एकमेकांशी काय संबंध, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

ह्या प्रश्नाला पुढे एक उत्तर मिळाले तेही कातडीवरच, आणि ते आपल्याच देशात. बोटांवर शंख किती आणि चक्रे किती, हे आपल्याकडे पोरेसोरेही मोजतात. विल्यम हर्शेल ह्या अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालात एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, आणि तेथून त्याला ह्या रेषांचा नाद लागला. लाखो ठशांतून हवा तो नेमका काढायचा कसा, ही अडचण पुढे कलकत्त्यात सुटली. काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोन भारतीय अंमलदारांनी गणित मांडून ठशांचे १,०२४ खण पाडले. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. पद्धतीला नाव मात्र मिळाले त्यांच्या वरिष्ठाचे, एडवर्ड हेन्रीचे. लंडनच्या स्कॉटलंड यार्डने ती पद्धत १९०१ साली उचलली.

ह्याच सुमारास बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात चहाच्या मळ्याच्या एका व्यवस्थापकाचा खून झाला. संशय कुणाकुणावर आला म्हणता? स्वयंपाक्यावर, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. जवळपास फिरणाऱ्या एका टोळीवर, कारण ते परके होते. पण मृताच्या पेटीत एक बंगाली पंचांग सापडले आणि त्याच्या मुखपृष्ठावर पुसट तांबूस ठसा उमटलेला होता. तो पूर्वी चोरीत शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. १८९८ साली निकाल लागला. त्या नोकराला चोरीबद्दल शिक्षा झाली, खुनातून मात्र तो सुटला. ठशाने तो पेटीपर्यंत पोहोचला होता एवढे सिद्ध झाले. खून करताना त्याला कुणी पाहिले नव्हते. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच ऐकावे, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, हा ह्या निकालाचा धडा मला फार मोलाचा वाटतो. आणि तो स्वयंपाकी? ठसा नसता तर त्याचे काय झाले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

एकीकडे ही प्रगती होत असताना त्याच इंग्रज सरकारने दुसरीकडे उलटे पाऊल टाकले होते. १८७१ साली त्याने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ साली तो देशभर लागू होईल असा वाढवला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. पोर पाळण्यात असतानाच त्याच्यावर शिक्का बसला. हजेऱ्या लागल्या, गाव सोडायला परवाने लागू लागले, सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि ह्या जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत पारधी, कैकाडी, बेरड आहेत आणि रामोशीही आहेत. ज्या समाजाकडे गावाने माग काढण्याचे काम दिले होते, त्याच्याकडेच जग संशयाने पाहू लागले!

कायदा कागदावरून गेला, मनातून गेला का? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, पाच माणसांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारे, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही मोबाइलवरून पसरलेली अफवा एवढाच त्यांच्याविरुद्धचा ‘पुरावा’. आणि हे लांब खानदेशात घडले म्हणून आपण निश्चिंत राहू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातील लवंगा गावी, चार साधूंना अशाच संशयावरून बेदम मारहाण झाली. त्यांनी एका मुलाला वाट विचारली होती, एवढेच. सुदैवाने ते वाचले. ह्या दोन्ही ठिकाणी जमावाने चिठ्ठ्यांचाच खेळ खेळला. चेहरा पाहिला, परका वाटला, बोट केले. ‘हरकत आहे, पुरावा कुठे आहे?’ असे मोठ्याने म्हणणारा एकजण पुरेसा वेळेवर उभा राहिला असता तर?

आता शेवटचा मुद्दा, आणि तो खास आटपाडीचा आहे. डिटेक्टिव्हचा खेळ गुन्हेगार सापडला की संपतो. पडद्यावर नावे झळकतात आणि यंत्र बंद होते. त्या गुन्हेगाराचे पुढे काय झाले हे खेळ सहसा सांगत नाही. आटपाडीजवळच्या एका वसाहतीची गोष्ट मात्र तिथूनच सुरू होते. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपली सत्ता लोकांच्या हाती देणारी राज्यघटना केली, आणि त्याच साली मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेतून येथे स्वतंत्रपूर वसले. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीवाचून, बेड्यांवाचून उघड्या माळावर आणले, हाती शेतीची अवजारे दिली आणि बायकामुलांसह राहू दिले. ह्याच प्रयोगावरून, आपल्या आटपाडी तालुक्यातील शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वलाचे पारितोषिक मिळाले. औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले, तरी ही खुली वसाहत सरकारने पुढे चालू ठेवली.

ह्या प्रयोगाच्या मुळाशी काय आहे? गुन्हा त्या माणसाने केला हे सिद्ध झाले, यात शंका नाही. पण ‘ह्याने खून केला’ हे एक वाक्य आहे आणि ‘हा खुनीच आहे, दुसरा कुणी नाही’ हे दुसरे. पहिल्या वाक्याला पुरावा असतो. दुसऱ्याला पुरावा कधीच नसतो, कारण माणसाचा उद्याचा दिवस अजून उगवायचा असतो. माणदेशच्या माळावर पेरणी करणारा शेतकरी हे जाणतो. तीन वर्षे काही न पिकलेल्या जमिनीला तो नापीक ठरवून मोकळा होत नाही. पाऊस आला की पुन्हा तिफण घेऊन जातो.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. मुलांच्या हाती असा खेळ दिसला तर लगेच हिसकावून घेऊ नका. आधी विचारा, ‘बाळ, तुला हा गुन्हेगार कसा कळला? कोणत्या वस्तूवरून?’ यंत्र नसेल तर पाटी पुरे. वर्गात हरवलेल्या पेन्सिलीचा तपास करायला सांगा. अट एकच, खूण दाखवल्याशिवाय कुणाचे नाव घ्यायचे नाही. आणि पेन्सिल घेणारा सापडलाच तर त्याला दुसऱ्या दिवशी फळा पुसायचा मान द्या. मोठेपणी कधी गावात अफवा उठली आणि वेशीवर गर्दी जमली, तर त्या गर्दीत असा खेळ खेळलेली दोन मुले असावीत. तेवढ्यानेही एखाद्या वाटसरूचा जीव वाचेल.